तुझ्या तेराव्याची रील

नलू, कालही जेवण झालं, ताट घासून पालथं घातलं आणि फोन घेऊन खिडकीपाशी बसले. बसल्यावर आठवलं की आता काही येणार नाहीये. तरी बसून राहिले. तू गेल्यापासून रोज दुपारी हेच चाललंय, आणि रोज नव्याने कुणीतरी तोंडात मारल्यासारखं होतं.

तुझं दुपारचं बातमीपत्र. नाव मीच ठेवलं होतं, तुला चिडवायला. माटुंग्याच्या कॉलेजात फीच्या खिडकीमागे आपण दोघी शेजारी बसायचो, तेव्हा डबा खाता खाता तू पेपर वाचायचीस आणि एकेका पुढाऱ्याला कांद्यासारखं सोलायचीस. साहेब लोक केबिनमधून बघायचे, तुला फिकीर नव्हती. मग रिटायर झालो. तू नायगावात, मी प्रभादेवीत. तू पेपर बंद केलास आणि व्हॉइस मेसेज धरलास. "शैले, ऐकतंस मा?" इथून सुरुवात. आधी राजकारण, मग मोबाईलच्या दुनियेत नवीन काय थेर निघालं ते, आणि शेवटी टाइमपास, म्हणजे कोंबडीने मांजराला पळवलं वगैरे. मागे कुकर शिट्ट्या मारतोय, सुनेला मध्येच "गॅस बारीक कर गो" चाललंय. मी लग्न केलं नाही, घरात एकटीच. दिवसभरात माझ्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज व्हायचा तो तेवढाच. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू दिवसातून चार वेळा पाठवले असतेस, आणि मग मी वैतागले असते, असंही आहे म्हणा.

आठवतं, ती एआयची भानगड पहिल्यांदा तुझ्या फोनात आली तेव्हा तू त्या एआयला कुळथाची पिठी कशी करायची ते विचारलंस? तुला येत नव्हती म्हणून नव्हे, परीक्षा घ्यायला. त्याने टोमॅटो घालायला सांगितला. तुझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग आला की तू मालवणीवर उतरायचीस. "मेल्या, पिठीत टोमॅटो? तुझ्या आवशीन कधी घातल्यान काय?" त्याने तुझी माफी मागितली. मग तू त्याला विचारलंस, आमचे साहेब उद्या कुठल्या पक्षात असतील? तो म्हणाला, याबद्दल माझ्याकडे खात्रीशीर माहिती नाही. तू मला विजयी आवाजात सांगितलंस, "बघ, जगातली अक्कल भरली हा त्याच्यात, पण आमच्या साहेबांपुढे त्यानेही हात टेकले."

साहेब म्हणजे तुमच्या भागातले पुढारी. त्यांना तू मत दिलंस, ते निवडून आले आणि वर्षभरात दुसऱ्या पक्षात गेले. मग तिसऱ्या. तू त्यांचं नाव कोलांटीसाहेब ठेवलंस. त्यांचा फोटो घालून तू कोलांटी मारणारा व्हिडिओ बनवून घेतलास, त्यात मध्येच त्यांना तीन पाय फुटले. मी म्हटलं, अगं हे चुकलंय. तर म्हणालीस, "चुकला नाय गो, तीन पक्षांत एकेक आहे." त्या दिवशी मी एकटीच खिडकीपाशी खो खो हसत होते. खालून इस्त्रीवाल्याने मान वर करून पाहिलं.

आणि तो डिजिटल अटकवाला! लोकांच्या तोंडचं पाणी पळतं, आणि तू? गणवेश घालून तो पडद्यावर आला, म्हणाला, मॅडम, आप अरेस्ट में हैं, कॅमेरा बंद नहीं करना. तू म्हणालीस, "नहीं करती, बैठो." फोन बरणीला टेकवलास आणि त्याच्यासमोर कोळंबी सोलायला घेतलीस. सोलता सोलता विचारलंस, "तेरी माँ को मालूम है क्या, तू क्या काम करता है?" फोन त्यानेच कापला. नंतरच्या मेसेजमध्ये तू म्हणालीस, "आरोपीला घाबरून पोलीस पळाला, देशात पहिल्यांदाच."

हसत होतो आपण, पण भांडत जास्त होतो. आपलं भांडण एकच, जुनं, कधी न संपलेलं. मी मतदानाला जायचे आणि नोटाचं बटण दाबून यायचे. तुला ते अजिबात सहन व्हायचं नाही. "नोटा म्हणजे लग्नाला जायचं, आहेर द्यायचा आणि न जेवता यायचं." मी म्हणायचे, जेवण शिळं असेल तर? "तर वाढप्याला धर! ओरड! चार लोकांना ऐकू जाऊ दे!" मी म्हणायचे, काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी. तू म्हणायचीस, दगडापेक्षा वीट मऊ, वीट निवड. मी म्हणायचे, वीटही शेवटी आपल्याच डोक्यात पडते ना. मग तू चिडून मालवणीत, "माणसान बोलूक होया, शैले. कोण ऐकता, नाय ऐकता, ता मागसून." आणि मी पुन्हा माझं पालुपद, काय उपयोग? तुझ्या शेवटच्या मेसेजमध्येही हेच आहे. त्याच्या शेवटी कुठल्यातरी बोकडाची रील आहे. माझं उत्तर द्यायचं राहिलं नाही, मी उत्तर दिलं होतं. तेच दोन शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू दूध तापवताना खाली बसलीस आणि उठली नाहीस. प्रशांतचा फोन आला तेव्हा मी त्याला विचारलं, "आई कुठाय, तिला दे." तो बिचारा रडायला लागला. मी तरी म्हणतेय, रडू नकोस, आधी आईला दे फोन.

पाच-सहा दिवसांनी तुमच्याकडे यायला निघाले, तर नाक्यावर तू. केवढी मोठी! भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स. मी खालीच उभी राहून बघत राहिले, मागून टॅक्सीवाला हॉर्न मारतोय. नलू, तुला त्यांनी गोरी केली होती. हनुवटीवरची चामखीळ पुसून टाकलेली. समोरच्या दोन दातांतली फट बुजवलेली. नेसवलं काय, तर पैठणी, जी तुझ्याकडे कधी नव्हती. ते सगळं मी गिळलं असतं, आजकाल कुणाचेच फोटो त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्याचे नसतात. पण शेजारी, तुझ्याहून मोठे, हात जोडून कोलांटीसाहेब. आणि तुझ्या नावाखाली ठळक अक्षरांत, 'आमच्या पक्षाच्या कट्टर कार्यकर्त्या'. वरच्या दोरीला त्यांच्याच वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यात ते हसतायत.

मी तणतणत वर आले. प्रशांतला म्हटलं, हे काय आहे? कट्टर? तुझी आई? तिने ऐकलं असतं तर उठून बसली असती. तो म्हणाला, "मावशी, त्यांच्या ऑफिसमधून फोन आला, आईंचा फोटो पाठवा. नाही कसं म्हणू? चाव्या त्यांच्या हस्ते आहेत."

चाव्या. तुमच्या परळच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि तुम्ही अजून नायगावात भाड्याच्या दोन खोल्यांत. तू त्या टॉवरचे फोटो लांबून काढून पाठवायचीस, आज काच बसवली, आज रंग दिला. लिफ्ट चालू झाली का ते विचारायला वॉचमनशी ओळख काढलीस. घर तुमचंच, हक्काचं, पण मजला कुठला, उजेडाची बाजू की गल्लीची, आणि मुख्य म्हणजे कधी, हे सगळं साहेबांच्या मर्जीवर. प्रशांत म्हणाला, "आईने एवढी वर्षं वाट पाहिली, मावशी. आता तोंडाशी आलंय. एक फ्लेक्स काय, दहा लावू देत." त्याचं काय चुकलं सांग. तुझ्या सुनेने पाणी आणून दिलं, ते प्यायले. येताना त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून आले.

आणि मग तेराव्याला ते स्वतः आले.

पंगत बसायची होती. जिन्यात चपलांचा आवाज झाला, चार-पाच माणसं, एक कॅमेरावाला, एकाच्या हातात गोल दिवा. साहेब आत आले, चपला काढल्या, तुझ्या फोटोला फूल वाहिलं. घरातला हा फोटो तरी खरा होता, चामखिळीसकट. कॅमेरावाला म्हणाला, "साहेब, परत एकदा. काचेवर लाईट मारतोय." फूल उचललं, साहेब दोन पावलं मागे गेले, परत आले, परत वाहिलं. तेच फूल, नलू. मी तुझ्याकडे बघितलं. खोटं नाही सांगत, सवयीने बघितलं, की आता ही काय बोलते.

मग साहेब प्रशांतच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे वळले. नलिनीताई आमच्या आईसारख्या, पक्षासाठी शेवटच्या श्वासापर्यंत झिजल्या, असं बरंच. प्रशांत मान हलवत होता. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, ह्या त्यांच्या जुन्या मैत्रीण. लगेच तो छोटा माईक माझ्या पदराला लावला. "मावशी, दोन शब्द बोला. मनापासून."

प्रशांत माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत एवढंच होतं, मावशी, नको. मला सगळं कळत होतं. मी एक वाक्य वेडंवाकडं बोलले असते तर तुझ्या घराची चावी आणखी वर्षभर लांबली असती, की मिळाली तर तळमजल्यावर मोटारींच्या पार्किंगकडची. आणि दुसरीकडे ते, कट्टर कार्यकर्त्या. गप्प राहिले असते तर तू कायमची तीच झाली असतीस. जन्मभर मी ज्या 'काय उपयोग'च्या आड बसले, ते दोन शब्द मनात तयार होते. हात जोडायचे, डोळे पुसायचे, "फार चांगल्या होत्या" म्हणायचं, झालं. आख्खं आयुष्य मी असंच काढलं आहे.

आणि मी बोलले. कुठून आलं देव जाणे. आवाज चढला, हात हलायला लागले, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी थांबले नाही. तुझी सून वाढायचं भांडं हातात घेऊन दारात खिळलेली. साहेब? साहेब पूर्ण वेळ हात जोडून, मान डोलवत, "बरोबर आहे, बरोबर आहे." संपल्यावर कॅमेरावाला म्हणाला, "छान आलं."

साहेबांनी चमचाभर खीर खाल्ली आणि गेले.

प्रशांतने मला जिन्यापर्यंत सोडलं. त्याचा चेहरा पांढराफटक. "काय केलंत मावशी? आता काय होणार?" मला त्याच्याकडे बघवेना. पण तुला सांगते, कुणालाच सांगणार नाही, खाली उतरताना माझे गुडघे दुखत नव्हते. टॅक्सी न करता दादरपर्यंत चालत गेले. फुलांच्या बाजारातून जाताना मनात म्हटलं, नलू, बोलले गं मी. वाढप्याला धरलं. आता जे व्हायचं ते होऊ दे. पुढचे दोन दिवस फोन वाजला की आधी नाव बघायचे, प्रशांतचं तर नाही ना. भीती होती, आणि भीतीच्या खाली, लाज वाटते सांगायला, आनंद होता. माझ्या बोलण्याने काहीतरी होईल, वाईट का होईना, पण होईल, असं मला या वयात पहिल्यांदा वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी रील आली. प्रशांतनेच पाठवली. साहेब जिना चढतायत, साहेब फूल वाहतायत, हळू हळू, पाणी संथ वाहावं तसं. मग मी. माझं तोंड जवळून. ओठ हलतायत, हात हलतायत, डोळ्यांतून पाणी. आणि आवाज? बासरी, नलू. नुसती बासरी. माझा एक शब्द नाही. खाली पट्टी, 'मैत्रिणीला अश्रू अनावर, साहेबांनी दिला धीर.' पुढच्या क्षणी साहेब मान डोलवतायत, जणू मी त्यांचे आभार मानतेय.

खाली ढिगाने बदाम आणि जोडलेले हात. कुणीतरी लिहिलंय, असे नेते हवेत. कुणीतरी लिहिलंय, काकू रडू नका. माझ्याच बिल्डिंगमधल्या बाईने मला लिफ्टमध्ये थांबवून सांगितलं, तुम्हाला पाहिलं हो, किती छान दिसत होता.

प्रशांतचा फोन आला तर तो रडत होता, सुटकेने. "वाचलो मावशी! आवाज काढून टाकलाय त्यांनी. काही झालं नाही. आणि चाव्यांचं बोलावणं पण आलं." मी म्हटलं, चांगलं झालं रे बाळा. चांगलंच झालं ना? तुझा लेक घरात जाईल. उजेडाच्या बाजूला मिळालंय म्हणाला. मी खरंच देवापुढे दिवा लावला. आणि मग जी खाली बसले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही.

त्यांनी मला दम दिला असता तर बरं झालं असतं. माणूस पाठवला असता, चावी अडवली असती, तर मी भांडले असते, निदान कळलं असतं की लागलं कुठेतरी. त्यांना रागसुद्धा आला नाही गं. मी बोलत होते तेव्हाच त्यांना ठाऊक होतं की यावर बासरी घालायची आहे. म्हणूनच ते इतक्या शांतपणे मान डोलवत होते. मी त्यांच्या तोंडावर बोलले आणि त्यांनी माझं रडणं तेवढं उचलून नेलं.

तू होतीस तेव्हा हे सगळं, ते पक्ष बदलणारे, ती खोटी चित्रं, ते फसवे फोन, आपल्याला हसायला होतं. रोज दुपारी तू त्यातून काहीतरी हसण्याजोगं काढायचीस आणि मला वाटायचं, चाललंय, जगता येईल. आता तेच सगळं आहे, फक्त तू नाहीस, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच हे दिसायला लागलंय. मी बातम्या लावते आणि बंद करते. रील बघते तर खऱ्या बाईचं रडणं कुठलं आणि बनवलेलं कुठलं ते समजत नाही. माझंच समजलं नाही.

मी काय बोलले ते त्या खोलीतल्या माणसांनी ऐकलं, आणि ते आता तसं काही झालंच नाही असं वागतायत. प्रशांतही. म्हणून तुला सांगते. शब्द न् शब्द आठवतोय.

मी म्हटलं, "साहेब, ही कुणाची कार्यकर्ती नव्हती. कार्यकर्ती असती तर तुमच्यामागून या पक्षातून त्या पक्षात आली असती. ही मतदार होती. उन्हात उभं राहून हिने तुम्हाला मत दिलं, आणि जिथे उभी होती तिथेच राहिली. गेलात तुम्ही. ही रोज दुपारी तुमच्यावर चिडायची, मला चिडून सांगायची. ज्याच्याकडून आशा असते त्याच्यावरच माणूस चिडतं. मला तुमच्याकडून काही आशा नव्हती, म्हणून मी कधी चिडले नाही. तुमच्यावर चिडणारं या घरातलं शेवटचं माणूस गेलंय. रडायचं तर त्यासाठी रडा, आणि खाली लावलेला तो फ्लेक्स काढा, कारण ती बाई माझी मैत्रीण नाही."

एवढंच. फ्लेक्स अजून तिथेच आहे.

काय उपयोग, असं मी तुला इतकी वर्षं विचारत होते, आणि तू दर वेळी भांडून मला गप्प करायचीस. आता मी बोलून पाहिलं, आणि माझंच खरं निघालं. जिंकले मी, नलू. हे एक भांडण तरी तू जिंकायला हवं होतंस गं.